विषय : मुलीच्या गाडीला पार्किंगचे स्टिकर नाकारल्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष साहेब,
स.न.वि.वि.

तोंडी सांगून थकलो, म्हणून लेखी देत आहे.

मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिची कार आमच्याकडे ठेवून गेली. आरसी तिच्या नावावर, लायसन्स माझे. आपल्या नव्या फॉर्मात ‘वाहनास लिंक असलेल्या लायसन्सचा क्र.’ असा रकाना आहे. मी माझा नंबर लिहिला, तर सचिव म्हणाले, “काकाजी, आधी आरटीओतून लायसन्स या गाडीला लिंक करून आणा, मग बघू.”

साहेब, आरटीओत असे काही होतच नाही. लायसन्स माणसाला मिळते, तेही वाहनाच्या प्रकारासाठी. माझ्या लायसन्सवर एलएमव्ही (हलके मोटार वाहन) लिहिले आहे, गाडीचा नंबर कुठेही नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ३ म्हणते की चालवणाऱ्याकडे लायसन्स हवे. कलम ५ म्हणते की मालकाने बिनलायसन्सवाल्याच्या हाती गाडी देऊ नये. मुलीची गाडी बापाने चालवू नये, असे कुठे लिहिले आहे? विमा आणि पीयूसीच्या प्रतीही मी दिल्या आहेत. त्या कोणी उघडून पाहिल्या का, मला शंका आहे.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सभासदाला नोकरीतून मिळालेल्या गाडीलाही पार्किंग देता येते. म्हणजे आरसी सभासदाच्याच नावाची हवी, हा हट्ट तिथेही नाही. ३०२ च्या कंपनीच्या गाडीला स्टिकर लगेच मिळाले. माझे त्यांच्याशी वैर नाही. पण त्यांच्या फॉर्मात तोच रकाना कोरा आहे, चौकीदाराच्या टेबलावरच्या फाइलमध्ये मी स्वतः पाहिला. आणि लायसन्सचाच विषय निघाला आहे तर त्यांचा दहावीतला मुलगा रोज मोटारसायकल घेऊन गेटमधून निघतो. कलम १९९-अ प्रमाणे त्यासाठी पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते ते वेगळेच. त्यावर कमिटी एक शब्द बोलत नाही.

इकडे आमची एमएच-३१ ची गाडी रात्री आत घेतली की रजिस्टरात माझ्या फ्लॅट नंबरपुढे ‘व्हिजिटर’ लिहिले जाते आणि सकाळी ती बाहेर काढावी लागते. नवतपाभर, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, ती रस्त्यावर उन्हात उभी होती. वायपरचे रबर काचेला चिकटून सुटले. पत्नीचे गुडघे दुखतात, तरी तिला गेटपर्यंत चालत जावे लागते. गच्चीच्या गळतीच्या वेळीही मला असेच ‘बघू’ ऐकवले होते आणि अखेर हॉलचे पोपडे मी माझ्या खर्चाने काढले. मेंटेनन्स मात्र मी कधी थकवला नाही.

१०१ आणि २०३ च्या मंडळींनाही हा रकाना पटलेला नाही. ते लिहून देणार नाहीत, पण लिफ्टपाशी सगळे हेच बोलतात.

तरी हा रकाना काढून माझे स्टिकर द्यावे आणि हे पत्र येत्या सभेत वाचून इतिवृत्तात घ्यावे. रकाना ठेवायचाच असेल, तर गेटमधून निघणाऱ्या प्रत्येक दुचाकीस्वाराचे लायसन्स तपासावे आणि सुरुवात तिसऱ्या मजल्यापासून करावी.

आपला,
सभासद, फ्लॅट क्र. २०४
नागपूर