मालवणच्या मावशींना, सोलापूरहून आभाराचं पत्र

आदरणीय मावशींना,
सप्रेम नमस्कार.

काका निवृत्त झाले, तुम्ही रेल्वे लाईन्समधलं क्वार्टर सोडून मालवणला गेलात आणि निरोपाच्या गडबडीत आभार मानायचे राहूनच गेले. फोनवर मी विषय काढला की तुम्ही लगेच "जेवलंस काय?" विचारून बोलणं दुसरीकडे नेता. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. बदक, कालवं (ऑयस्टर) आणि लसूण यांचं तुम्ही मला जे शिकवलंत ते समुद्रापासून लांबच्या कुठल्याही घरात उपयोगी पडेल, आणि ते कुणी शिकवलं हेही लोकांना कळायला हवं.

गड्ड्याची यात्रा (आमच्या सिद्धेश्वराची जत्रा) आटोपली की लेकीच्या सासरची माणसं पहिल्यांदाच आमच्याकडे मुक्कामाला येणार होती. व्याही अलिबागकडचे. माझा भाऊ उजनीच्या काठावरच्या शेतातून बदकं पाठवतो म्हणाला, आणि लेकीने हळूच कानावर घातलं की सासऱ्यांना कालवं फार आवडतात. आमच्या घरात मटणाचा रस्सा, काळा मसाला, शेंगाची चटणी, कडक भाकरी यात कुणी हात धरणार नाही. पण बदक आमच्या चुलीवर कधी चढलं नव्हतं, आणि कालव तर मी शिंपल्यासकट पाहिलंही नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "बदक कुठं खात्यात व्हय?" तुम्ही त्यांच्याशेजारी बसून किती शांतपणे सांगितलंत! केरळात कुट्टनाडला भातशेतीच्या पाण्यात बदकं वाढतात आणि नाताळ-ईस्टरला त्यांचं रोस्ट होतं, आसामात कोहळा घालून बदक शिजवतात, पाणी असेल तिथं बदक ताटात असतंच. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, "मग शीक की यांच्याकडनं." त्यांची परवानगी मिळवून दिलीत, आभाराचं पहिलं कारण तिथलंच.

बदक म्हणजे मोठी कोंबडी नव्हे, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत. पाण्यात राहणारा पक्षी, त्याच्या कातडीखाली चरबीचा जाड थर. कोंबडीसारखं थेट मसाल्यात परतलं तर ती चरबी रश्श्यावर तरंगते, कातडी रबरासारखी राहते आणि खाणारा पुन्हा बदकाचं नाव काढत नाही. शेपटीच्या बुडाशी असलेली तेलाची गाठ तुम्ही बोटाने दाबून दाखवलीत आणि आधी ती काढायला लावलीत, कारण सगळा उग्र वास तिथूनच येतो. उरलेली बारीक पिसं गॅसच्या आचेवर जाळून घेतली. मग छातीचे तुकडे वेगळे आणि तंगड्या वेगळ्या, कारण दोन्हींचा स्वभाव वेगळा. छातीच्या कातडीवर सुरीने चौकटी पाडताना तुम्ही माझं मनगट धरलं होतंत. चरबी कापली गेली पाहिजे, मांसाला धक्का लागता कामा नये. वर मीठ चोळून रात्रभर फ्रीजमध्ये उघडंच ठेवलं, म्हणजे कातडी कोरडी होते.

दुसऱ्या दिवशी तवा थंड असतानाच मांस कातडीच्या बाजूने त्यावर ठेवायला सांगितलंत, तेव्हा मला खरंच नवल वाटलं. आपल्याकडे तवा तापल्याशिवाय त्यावर काहीच टाकत नाहीत. पण तापल्या तव्यावर कातडी वरवर करपते आणि चरबी आत अडकून बसते. थंड तव्यापासून मंद आचेवर सुरुवात केली की चरबी हळूहळू वितळून बाहेर येते आणि कातडी तिच्याच चरबीत तळली जाते. आधी काहीच होत नव्हतं. मग तव्याच्या कडेला पारदर्शक तेलाची बारीक रेघ दिसली, मग मधूनमधून चटचट आवाज येऊ लागला. तुम्ही ती चरबी पळीने वाटीत काढत राहिलात आणि मला मात्र मांसाला हात लावू दिला नाहीत. कातडी तपकिरी, कडक झाल्यावरच उलटलं. नंतर आतपर्यंत नीट शिजवून घेतलं. पक्ष्याचं मांस कच्चं ठेवायचं नाही यात तुम्ही कुणाचं ऐकलं नाहीत. तंगड्या त्याच चरबीत आणि थोड्या पाण्यात झाकण ठेवून दीड-दोन तास. गावठी बदकाची तंगडी चिवट, तिला वेळ द्यावाच लागतो. काटा टोचल्यावर सहज आत गेला आणि सांधा हाताने फिरला, तेव्हा तुम्ही गॅस बंद केलात.

आता लसूण. मावशी, मी लहानपणापासून लसूण ठेचतेय. आमची शेंगाची चटणी म्हणजे भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, मीठ आणि लसूण, उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेलं. तरी लसूण असा का वागतो, हे मला तुमच्यामुळेच कळलं. अख्खी पाकळी हुंगली तर फारसा वास नाही, कारण वास देणारा पदार्थ तिच्यात तयार नसतोच. पाकळी चिरली किंवा ठेचली की आतले दोन घटक एकमेकांना भेटतात आणि ॲलिसिन तयार होतं. जेवढं बारीक ठेचाल तेवढा तिखटपणा जास्त. आच लागली की ते घडवणारं विकर (एन्झाइम) मरतं. म्हणून झणका हवा असेल तर ठेचून दहाएक मिनिटं तसाच ठेवायचा आणि मग शिजवायचा. गोडवा हवा असेल तर पाकळ्या न ठेचता अख्ख्याच मंद आचेवर टाकायच्या. एका लसणाच्या दोन तऱ्हा, आणि आपल्याला हवी ती निवडता येते! हे कळल्यापासून माझी साधी वरणाची फोडणीसुद्धा बदलली आहे.

बदकासाठी तुम्ही दुसरी तऱ्हा निवडलीत. वाटीत काढलेली चरबी लहान कढईत घेऊन त्यात सोललेल्या पाकळ्या टाकल्या आणि आच इतकी बारीक ठेवली की तेलात फक्त लहान बुडबुडे येत होते. पाकळी फिकट सोनेरी आणि चमच्याने दाबली तर लोण्यासारखी झाली की काढायची; तपकिरी झाली की कडवट. त्या पाकळ्या मिठाबरोबर खलात घोटल्या, आणि इथे तुम्ही थांबून मला विचारलंत, "तुमच्याकडे काय घालतात?" मी भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट आणि चमचाभर काळा मसाला पुढे केला. तंगड्यांचं उरलेलं पाणी आणि चिंचेचा थोडा कोळ घालून तो दाट रस्सा झाला, लसणाचा गोडवा पुढे आणि मसाल्याचा कडकपणा मागे. चिंच हवीच, बदकाची चरबी आंबटाशिवाय पेलत नाही. तुम्ही तुमची मालवणी चव माझ्या कढईत ओतली नाहीत, आमच्या मसाल्याला जागा दिलीत. हे माझ्या मनात घर करून राहिलं आहे. शिकवणारी माणसं सहसा असं करत नाहीत.

कालवांची गोष्ट वेगळी. सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री मुंबईहून निघते आणि सकाळी सोलापुरात येते, म्हणून तुमच्या भाच्याने पेटी तिनेच आणायची हे तुम्हीच ठरवलंत. पेटी कशी भरायची हेही फोनवर त्याला सांगितलंत. खाली बर्फ प्लॅस्टिकमध्ये बांधून, वर ओलं गोणपाट, त्यावर कालवं खोलगट बाजू खाली ठेवून, आणि वर पुन्हा ओलं कापड. बर्फाचं पाणी त्यांना लागता कामा नये, कारण कालव खाऱ्या पाण्यातला जीव, गोड्या पाण्यात मरतो. हवाबंद पिशवीतही नको, गुदमरतात. पेटी उघडली तेव्हा खाजणाचा तो वास आमच्या सोलापूरच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा आला.

त्यानंतर तुम्ही जे केलंत त्यासाठी मी सगळ्यात जास्त ऋणी आहे. एकेक कालव हातात घेऊन पाहिलंत. मिटलेलं असेल तर ठीक. किंचित उघडं असेल तर सुरीच्या मुठीने टकटक करून बघायचं, जिवंत असलं तर मिटतं. मिटलं नाही तर सरळ बाहेर. "उघड्या कालवाक हात लावचो नाय," असं म्हणत तुम्ही टोपलीतली किती कालवं फेकून दिलीत! पैसे मोजून, रात्रभर प्रवास करून आलेला माल. माझा जीव तुटत होता, तुमचा हात थांबला नाही. कालव दिवसभर पाणी गाळत राहतं, त्यामुळे पाण्यात जे वाईट असेल ते त्याच्यात साठतं, आणि मेलेल्या कालवात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून कच्चं खायचं नाही. गरोदर बाई, लहान मूल, यकृताचं दुखणं किंवा मधुमेह असलेलं माणूस घरात असेल तर मुळीच नाही. आमच्याकडे सासूबाईंना साखर आहे, हे लक्षात ठेवून तुम्ही त्यांच्या ताटातली कालवं जास्त वेळ शिजवलीत. तेव्हा मी काही बोलले नाही, आज सांगते.

उघडायचं तंत्र हातानेच कळतं, तरी वाचणाऱ्यांसाठी लिहिते. डाव्या हातात जाड फडक्याची घडी, त्यावर कालव, खोलगट बाजू खाली. आखूड, जाड पात्याची सुरी बिजागरीच्या सांध्यात टेकवायची आणि ढकलायची नाही, किल्लीसारखी फिरवायची. टक असा आवाज होतो. मग पातं वरच्या चपट्या शिंपल्याला चिकटून सरकवायचं म्हणजे आतला स्नायू कापला जातो, आणि आतलं खारं पाणी सांडू द्यायचं नाही, चव त्यातच आहे. ज्यांना हे अवघड वाटेल त्यांनी सरळ वाफेवर ठेवावीत. शिंपले आपोआप उघडतात, उघडल्यावरही काही मिनिटं शिजू द्यावीत, आणि उघडलीच नाहीत ती टाकून द्यावीत.

लसणाची पहिली तऱ्हा इथे कामी आली. तुमचे थोरले चिरंजीव जहाजावर कुक आहेत, त्यांनी चीनच्या दक्षिणेकडची रीत तुम्हाला सांगितली होती. बारीक चिरलेल्या लसणाचा अर्धा भाग तेलात सोनेरी तळायचा आणि अर्धा कच्चाच ठेवून गरम तेलात कालवायचा. तळलेल्याचा खमंगपणा आणि कच्च्याचा झणका दोन्ही मिळतात. त्यात हिरवी मिरची, कोथिंबीर, सोया सॉसचे थोडे थेंब आणि बाटलीतलं ऑयस्टर सॉस चमचाभर. ते सॉस याच कालवांचं, 1888 च्या सुमारास ग्वांगदोंगमध्ये कालवांचा रस आटवून ते तयार झालं असं सांगतात. ते मुळातच खारट, म्हणून मीठ सगळ्यात शेवटी चाखून. हे मिश्रण अर्ध्या शिंपल्यातल्या कालवावर घालून इडलीच्या भांड्यात वाफवलं. कडा कुरळ्या होऊन मांस गच्च झालं की उतरवायचं. बदकाला तासन् तास दिले होते, कालवांना मात्र घड्याळाकडे बघत मिनिटं मोजून दिली.

उरलेल्या कालवांचं तुमच्या पद्धतीचं सुकं केलं, ओलं खोबरं आणि कोकम घालून. कोकमाच्या आगळात पडलेला ठेचलेला लसूण हिरवट-निळा झाला, तेव्हा सगळं फेकावं लागणार या भीतीने माझ्या पोटात गोळा आला. आंबटाशी गाठ पडली की लसूण कधीकधी असा रंग बदलतो, त्यात अपाय काही नाही, असं तुम्ही सांगितलंत आणि आधी स्वतः एक घास खाल्लात. घाबरायचं ते कशाला, हेही त्याच दिवशी बजावलंत. तेलात बुडवलेला लसूण ओट्यावर ठेवायचा नाही. हवा नसलेल्या तेलात बोट्युलिझमचे, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचे, जंतू वास किंवा रंग न बदलता वाढू शकतात, आणि आमच्या सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. लागेल तेवढाच करायचा, उरला तर फ्रीजमध्ये, आणि दोन-चार दिवसांत संपवायचा. ओट्यावर लसणाच्या तेलाची बरणी ठेवणाऱ्या सगळ्या घरांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

व्याह्यांनी कालवं खाल्ली, कोण गावची म्हणून विचारलं आणि पुन्हा वाढून घेतली. बदकाचा तो लसणाचा रस्सा त्यांनी कडक भाकरी चुरून खाल्ला. विहीणबाईंनी कागद मागून रीत लिहून घेतली आणि वर "सोलापुरी बदक" असं नाव घातलं. सासूबाईंनी स्वतः तंगडी मागून घेतली. लेक त्या दिवशी माहेरी मोकळेपणाने वावरत होती. मावशी, हे सगळं तुमच्यामुळे. तुम्ही ना नात्यातल्या, ना जातीतल्या. एका जिन्याची ओळख, आणि दोन दिवस स्वतःचं घर सोडून आमच्या ओट्यापाशी उभ्या राहिलात. गुडघे दुखत होते, तरी स्टूल दिलं तर त्यावर लसणाची टोपली ठेवलीत.

भाच्याबरोबर शेंगाची चटणी आणि मालदांडी ज्वारीचं पीठ पाठवलं आहे. चटणी उखळातलीच आहे, मिक्सरची नाही. पीठ लवकर वापरा, दमट हवेत टिकणार नाही. आणि एक मागणं आहे. पावसाळा सरल्यावर आम्ही दोघं मालवणला यायचं म्हणतोय, आणि मला तुमच्याबरोबर खडकावर जाऊन कालवं काढायची आहेत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी लांबवर जाते असं तुम्ही म्हणाला होतात, तर तिथी बघून तारीख कळवा. तिकीट त्याप्रमाणे काढते.

काकांना नमस्कार.

तुमची,
रेल्वे लाईन्समधली वरच्या मजल्यावरची शेजारीण
सोलापूर