मळ नव्हता तो, आई

म्हापसा, रविवार

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर "नुसता पालापाचोळा खाऊन कसं निभायचं तुझं" म्हणालीस आणि नाक ओढलंस, ते मला इथे ऐकू आलं. म्हणून लिहूनच कळवते. बाबा, पत्र मोठ्याने वाचून दाखवा, आणि पाळीचा विषय आला की घसा खाकरून ओळी गाळू नका.

मला झालेला पीसीओएस म्हणजे अंडाशयांचा, संप्रेरकांच्या गडबडीचा विकार; नाव ऐकून तुम्हाला वाटतं तशा गाठीबिठी नाहीत. सोनोग्राफीत दिसतात ते अर्धवट वाढून थांबलेले बीजकोश. माझं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून ते जास्तच तयार होतं, आणि ते वाढलं की अंडाशय पुरुषी संप्रेरकं जास्त बनवतात. हनुवटीवरचे केस, अडीच-अडीच महिने न येणारी पाळी, सगळं त्यातलंच. मानेवरचा काळा पट्टासुद्धा. मी दहावीत असताना तू तो डाळीच्या पिठाने घासायचीस, मान लाल होईपर्यंत. मळ नव्हता तो, आई.

आता पालापाचोळ्याचं. शुक्रवारच्या बाजारात गावठी तवशी मिळतात, आपल्या काकडीहून जाड. एक तवसं चोचवायचं, त्यात वाफवलेले मोडाचे मूग वाटीभर, अर्धं किसलेलं गाजर, कोथिंबीर, मिरची, लिंबू. वरून तुम्ही पाठवलेल्या शेंगांचं कूट आणि खोबरेल तेलात मोहरी-हिंगाची फोडणी. तुझीच कोशिंबीर, फक्त तुझा तो चमचाभर साखरेचा हट्ट वगळून. मीठ मात्र जेवताना घालायचं. पहिल्या दिवशी सकाळीच घातलं आणि दुपारी डब्यात गाजर पोहत होतं. पाणी पिशवीतून ऑफिसच्या फायलीपर्यंत गेलं, ते वेगळंच.

ही कोशिंबीर आधी खायची, मग उकड्या तांदळाचा भात आणि हुमण, म्हणजे इथलं माशांचं कालवण. मुगातली प्रथिनं, भाजीचा चोथा आणि कुटातलं तेल आधी पोटात गेलं की भाताची साखर रक्तात सावकाश चढते. भात सोडलेला नाही, तेव्हा रडू नकोस. शेजारच्या काकींनी किसमूर शिकवलीय, सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, ओलं खोबरं, कांदा, चिंच. ती खारट, म्हणून कधीतरीच.

एवढ्याने बरं होतं असं नाही. गोळी चालू आहे, संध्याकाळचं चालणंही. वजन 5 टक्के उतरलं तरी पाळीला फरक पडू शकतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. 68 ची 64 किलो झालेय आणि गेले दोन महिने पाळी वेळेवर आली. मावशी मुलाबाळांचं विचारेल. तिला सांग, पीसीओएस असणाऱ्या खूप जणींना मुलं होतात, कधी थोडे उपचार लागतात इतकंच.

आणि तुझं थायरॉइड. कुणाच्या तरी सांगण्यावरून तू कोबी बंद केलायस. शिजवलेला, नेहमीएवढा खाल्लास तर काही होत नाही. गोळी मात्र उपाशीपोटी, चहाच्या आधी निदान अर्धा तास घे. कॅल्शियमची तिच्यानंतर चार तासांनी. तू दोन्ही एकाच घोटात घेतेस, बाबांनी सांगितलंय मला.

बाबा, पुढच्या वेळी आंबोलीवरून कुणी येणार असेल तर शेंगा कच्च्या पाठवा. भाजलेल्या असल्या की कूट व्हायच्या आतच संपतात.

तुमची,
धाकटी