व्हर्च्युअल बॉयसाठी सायकलच्या सीटचा दांडा

शहापूर, बेळगाव

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

मागच्या दिवाळीत तू माझ्या हवाली केलेला निन्टेन्डोचा व्हर्च्युअल बॉय हा व्हिडिओ गेम आता ताठ बसून, सरळ मानेने खेळता येतो. ही बातमी फोनवर सांगण्याऐवजी पत्र लिहायला बसलो आहे, कारण तुलाही एक स्टँड करून घ्यायचा झाला, तर मापे हाताशी लिहिलेली असावीत.

हे यंत्र किती अडचणीचे आहे, ते तू जाणतोसच. दिसते मोठ्या चष्म्यासारखे, पण डोक्याला बांधता येत नाही. पाऊण किलोचे ते धूड दोन पायांच्या घोडीवर टेबलावर उभे करायचे आणि आपण वाकून त्यात तोंड घालायचे. आत प्रत्येक डोळ्यासाठी 224 लाल एलईडींची एकच उभी ओळ आहे, आणि समोर थरथरणारा आरसा त्या एका ओळीतून सबंध चित्र पसरवतो. डोळा भिंगाच्या नेमका मध्यावर आला नाही, तर चित्राची कड हरवते. म्हणून खेळणारा नकळत मान यंत्राकडे नेतो आणि तशीच धरून ठेवतो. 1995 साली आलेले हे यंत्र वर्षभरातच बंद झाले, त्यासाठी जेमतेम 22 खेळ निघाले, आणि लोक आजही त्या लाल रंगाला नावे ठेवतात. मला मात्र मनापासून वाटते की रंगापेक्षा त्या घोडीने जास्त घात केला. निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा गेम बॉय घडवणाऱ्या गुनपेई योकोईंचे हे काम अधिक चांगल्या बैठकीला पात्र होते.

तुझ्या यंत्राच्या घोडीची वरची पकड तर तुटलेलीच होती. मी आधी मापे घेतली. खुर्चीवर ताठ बसलो की माझे डोळे जमिनीपासून 119 सेंटीमीटरवर येतात आणि टेबल आहे 75 चे. म्हणजे भिंग टेबलापासून 44 सेंटीमीटर उंच हवे, आणि मूळ घोडीवर ते वीतभराच्या थोडेच वर राहत होते. पहिला स्टँड मी फणसाच्या लाकडाचा केला, एका चौकोनी नळीत दुसरी सरकणारी दांडी घालून. वैशाखात ती लोण्यासारखी सरकत होती. आषाढ लागला, आपला पाऊस सुरू झाला आणि लाकूड फुगून दांडी अशी बसली की हातोडीनेही हलेना. शिवाय वरचा सांधा नुसत्या नट-बोल्टावर घट्ट केलेला होता, त्यामुळे खेळ रंगात आला की यंत्र हळूहळू मान टाकायचे.

उपाय सापडला तो गल्लीतल्या सायकलवाल्याकडे. तो एका जुन्या सायकलची सीट बसवत होता आणि मी त्याचे हात पाहत उभा होतो. सीटचा दांडा फ्रेमच्या नळीत वरखाली होतो, आणि सीटखालच्या क्लॅम्पला दोन्ही बाजूंना दातेरी चकत्या असतात. दात दातांत बसले की माणसाच्या वजनानेही सीट कलत नाही. मला हवी असलेली उंची आणि हवा असलेला कल, दोन्ही तिथे तयारच होते. भंगारातल्या फ्रेमची सीटची नळी कापून घेतली आणि नेहमीच्या बोल्टाच्या जागी हाताने दाबायची मूठ असलेला बोल्ट घातला, त्यामुळे आता पाना लागत नाही.

बैठकीसाठी उद्यमबागेतल्या कारखान्यांकडून बिडाचे एक जुने चाक मिळाले, सहा किलोचे, 28 सेंटीमीटर व्यासाचे. मी नळी थेट त्यावर वेल्ड करायला सांगितली, तेव्हा तिथला कारागीर म्हणाला, "ब्याड्री (नको हो), बीड तडकेल." त्याचे म्हणणे अगदी खरे होते. त्याने नळी आधी आठ मिलीमीटरच्या लोखंडी पट्टीवर वेल्ड केली आणि ती पट्टी चाकाला तीन बोल्टांनी आवळली, तीही मध्यावर नव्हे तर मागच्या कडेला. यंत्र पुढे झुकलेले असते, त्यामुळे त्याचा भार असा चाकाच्या आतच पडतो आणि कपाळ टेकवले तरी स्टँड उचलला जात नाही.

यंत्र ठेवायचा प्लायवूडचा पाळणा करताना मात्र जपावे लागले. कार्ट्रिज, कंट्रोलरची तार आणि हेडफोन हे सगळे खालच्या बाजूने जोडले जाते, म्हणून तळ इंग्रजी यू अक्षरासारखा मोकळा ठेवला आहे. वरची फोकसची पट्टी आणि दोन डोळ्यांतले अंतर जुळवण्याची चकती यांनाही कुठे अडथळा नाही. आतून जुन्या कोटाचे लोकरी कापड चिकटवले आहे.

दांड्यावर कानशीने दोन खुणा केल्या आहेत, एक माझ्या उंचीची आणि दुसरी धाकट्या भावाची. तू माझ्याहून चार बोटे तरी उंच आहेस, पण अंदाजाने खूण करायची नाही असे ठरवले आहे. गणपतीला येशील तेव्हा आधी खुर्चीवर ताठ बस, मी टेप लावतो. कानस टेबलाच्या खणातच ठेवली आहे. आईंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
शाळेतल्या बाकावरचा सोबती