शासन निर्णय आम्हालाही वाचता येऊ द्या : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
माहिती तंत्रज्ञान विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : शासनाची मराठी कागदपत्रे व ऑनलाइन अर्ज दृष्टिहीन नागरिकांना स्वतः वाचता व भरता येण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी स्वतः दृष्टिहीन आहे आणि दृष्टिहीन विद्यार्थ्यांना संगणक शिकवतो. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली, म्हणजे स्क्रीन रीडर, आमच्या कामाचा पाया आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील दृष्टिहीन तरुणाने २००६ साली सुरू केलेला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर आज जगभर विनामूल्य मिळतो, आणि तो हाताशी आला की माझ्या वर्गातली मुले काही महिन्यांत ईमेल लिहू लागतात, बातम्या वाचतात, बँकेचा हिशेब तपासतात. तरीही ज्या योजनेचा लाभ त्यांना मिळायचा आहे, त्याच योजनेचे परिपत्रक उघडले की स्क्रीन रीडर पुष्कळदा गप्प होतो किंवा कागद रिकामा असल्याचे सांगतो. समोर पाच पानांचा आदेश असतो आणि मुलाच्या कानावर मात्र एक शब्दही पडत नाही.

याचे कारण अगदी साधे आहे. मजकूर कार्यालयात संगणकावरच टंकलिखित होतो, मग त्याची छापील प्रत काढली जाते, तिच्यावर सही-शिक्का होतो आणि ती प्रत स्कॅन करून संकेतस्थळावर चढवली जाते. डोळस वाचकाला त्यात अक्षरे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते निव्वळ छायाचित्र असते. दुसरा प्रकार जुन्या टंकांचा (फॉन्टचा) आहे. कृतिदेवसारख्या टंकात लिहिलेला ‘सरकार’ हा शब्द संगणकात प्रत्यक्षात ‘एल, जे, डी, के, जे’ अशा इंग्रजी अक्षरांच्या रूपात साठवलेला असतो. वर टंकाचा मुखवटा असल्यामुळे डोळ्यांना मराठी दिसते, पण स्क्रीन रीडर जे साठवले आहे तेच वाचणार. अशी पानेच्या पाने आम्ही ऐकली आहेत. युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, लिहिलेल्या मजकुराचीही पीडीएफ करताना पुरेशी काळजी घेतली नाही, तर रफार आणि वेलांट्या जागा सोडतात आणि वाक्याचा अर्थ लागत नाही.

छायाचित्रातून अक्षरे ओळखणारी ओसीआर प्रणाली आता उपलब्ध आहे, मग अडचण काय, असे कोणी विचारील. स्वच्छ छापलेल्या परिच्छेदावर ती बऱ्यापैकी चालते, परंतु तिरक्या स्कॅनवर, शिक्क्याखाली दबलेल्या ओळींवर आणि विशेषतः तक्त्यांवर ती फसते. शासकीय कागदात नेमका मोलाचा भाग तक्त्यातच असतो : उत्पन्नाची मर्यादा, अर्जाची मुदत, जिल्हानिहाय जागा. ३ चा ८ झाला तर तो चुकला आहे हे ऐकणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो, आणि अशा अंदाजावर कोणाचा अर्ज अवलंबून राहावा हे मला मान्य नाही.

महोदय, या सगळ्यात मला सर्वाधिक टोचणारी गोष्ट अशी, की इंग्रजी कागद आम्हाला मराठीपेक्षा सहज वाचता येतो. इंग्रजीला जुन्या टंकांचा हा त्रास नाही आणि तिच्यासाठी ओसीआरही अधिक भरवशाचे आहे. मराठी माध्यमात, ब्रेलमधून शिकलेल्या खेड्यातल्या मुलीला आपल्याच राज्याच्या राजभाषेतला आदेश वाचता येत नाही, म्हणून ती इंग्रजी प्रत शोधते आणि बहुतेक वेळा ती उपलब्धच नसते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा आम्हालाही आनंद झाला. त्या भाषेतला शासनव्यवहार आमच्यापर्यंत पोहोचावा एवढीच आमची अपेक्षा आहे.

कायद्याबाबत संदिग्धता उरलेली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ नुसार छापील, ध्वनी व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम्य, म्हणजे दिव्यांगांना वापरता येईल अशा, स्वरूपात उपलब्ध होईल हे पाहणे शासनाचे कर्तव्य आहे. राजीव रतुडी या दृष्टिहीन याचिकाकर्त्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे ठेवणारा नियम अवैध ठरवला आणि बंधनकारक नियम करण्यास केंद्राला सांगितले. त्यानंतर ॲसिड हल्ल्यातून बचावलेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल देताना डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. दिव्यांगांसाठी स्वतंत्र कल्याण विभाग स्थापन करण्यात महाराष्ट्राने देशात पुढाकार घेतला, याचा मला अभिमान आहे. परंतु हा प्रश्न एकट्या त्या विभागाचा नाही. कागद प्रत्येक विभाग काढतो आणि तो कसा काढावा हे ठरवण्याचा अधिकार आपल्या विभागाकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

माझी मुख्य मागणी अशी आहे की, कोणत्याही विभागाने शासन निर्णय, परिपत्रक, जाहिरात वा अर्जाचा नमुना संकेतस्थळावर ठेवताना तो युनिकोडमधील वाचनीय मजकुराच्या स्वरूपात ठेवणे बंधनकारक करावे. सहीसाठी स्कॅन करण्याची गरज नाही, कारण डिजिटल स्वाक्षरी मजकूर कायम ठेवूनही करता येते. स्कॅन प्रत ठेवायचीच असेल, तर तिच्याशेजारी मूळ मजकूर ठेवावा. तो संगणकावर आधीपासूनच असतो, त्यामुळे यासाठी नवे यंत्र वा वेगळा निधी लागत नाही. काठ्या, मोबाइल आणि लॅपटॉप यांचे वाटप होते तेही आवश्यकच आहे, पण वाटलेल्या लॅपटॉपवर शासनाचाच कागद उघडू नये, ही विसंगती आपण दूर करू शकता.

ऑनलाइन अर्जांची स्थिती अधिक गंभीर आहे, कारण तिथे प्रश्न खासगीपणाचाही आहे. चित्रातली वाकडी अक्षरे ओळखण्याचा कॅप्चा आला आणि त्याला ध्वनीचा पर्याय नसला, की आम्ही तिथेच थांबतो. मग सेवा केंद्रात जाऊन आधार क्रमांक, पासवर्ड आणि मोबाइलवर आलेला ओटीपी अनोळखी माणसाला, रांगेतल्या इतरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगावा लागतो. केंद्रचालक बहुतेक वेळा मनापासून मदत करतो. तरीही जे काम मी माझ्या घरी, माझ्या संगणकावर करू शकतो, त्यासाठी माझी गुपिते दुसऱ्याच्या स्वाधीन का करावीत? पोर्टल बनवून घेताना निविदेतच आयएस १७८०२ या डिजिटल सुगम्यतेच्या भारतीय मानकाची अट घालावी, आणि देयक मंजूर होण्यापूर्वी स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तींकडून, त्यांना योग्य मानधन देऊन, ते तपासून घ्यावे.

स्क्रीन रीडरसाठी विनामूल्य मिळणारा, ई-स्पीक या मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीचा मराठी आवाज अजून फार यांत्रिक आहे. पुण्यात सी-डॅकसारखी केंद्र सरकारची संगणक-संशोधन संस्था असताना, कोणालाही मुक्तपणे वापरता येईल असा चांगला मराठी आवाज राज्याने तयार करवून घ्यावा, ही विनंती मी जोडतो. मात्र तिच्यासाठी पहिली मागणी थांबवू नये.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात पावणेसहा लाखांच्या आसपास व्यक्तींची दृष्टिविषयक दिव्यांग म्हणून नोंद झाली आहे. त्यांच्या वतीने मी एवढीच विनंती करतो की, वाचनीय मजकुराचा आदेश काढताना त्यात अंमलबजावणीची तारीख असावी, प्रत्येक विभागात त्यासाठी जबाबदार असलेल्या अधिकाऱ्याचे पदनाम नमूद करावे, आणि न वाचता येणाऱ्या कागदाची तक्रार साध्या ईमेलने करता यावी. तो आदेशही कृपया स्कॅन न करता प्रसिद्ध करावा. आपल्या अधिकाऱ्यांना प्रात्यक्षिक पाहायचे असल्यास माझे विद्यार्थी आणि मी आमचे संगणक घेऊन मंत्रालयात यायला तयार आहोत.

आपला विश्वासू,
एक दृष्टिहीन संगणक-शिक्षक