मिरगाआधी कॅमेरे उतरवा

सभासदांना नमस्कार. जांबोटी-कणकुंबी भागात आपण लावलेले ट्रॅप कॅमेरे (जनावराची ऊब आणि हालचाल टिपून आपोआप फोटो काढणारे) मिरगाच्या आत काढून आणा. कणकुंबीचा पाऊस रबरी सीलला जुमानत नाही. गेल्या साली दोन कॅमेऱ्यांच्या काचेवर आतून बाष्प धरलं.

घरी आणलात की आधी सेल बाहेर काढा. साधे अल्कलाइन सेल आत विसरले की पाझरतात आणि सेलला टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्या खातात. पट्टीवर पांढरं-हिरवं दिसलं तर व्हिनेगरच्या बोळ्याने पुसा, नीट वाळू द्या. पुन्हा लावताना १.५ व्होल्टचे लिथियम पेन्सिल सेल घ्या, सगळे एकाच वेळी घेतलेले. जुना-नवा मिसळू नका. महाग आहेत खरे, पण चार वेळा रान तुडवण्यापेक्षा स्वस्तच.

कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. तारीख-वेळ बघून घ्या, नाहीतर गवा कधी शिरला ते कळणार नाही. बांधावर लावताना समोरचं गवत कापा. उन्हात तापलेलं गवत हललं तरी सेन्सर फसतो, मग शेकडो फोटोंत नुसतं गवतच. कॅमेऱ्याचं तोंड शक्यतो उत्तरेला.

भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय कुणीही कॅमेरा लावू नये.