‘ऊर्जाचक्र’ नावाचे काही नसते

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतील निसर्गाचे रंगीत पान पाहिले. चित्र देखणे आहे, सशाच्या मिशासुद्धा मोजता येतात. पण गवत, ससा, कोल्हा, बुरशी आणि पुन्हा गवत अशी जी गोल माळ काढली आहे, तिच्या शेवटच्या बाणावर ‘ऊर्जा’ असे छापले आहे. बुरशीकडून गवताकडे. त्या एका बाणासाठी हे पत्र.

चूक चित्रापुरती असती तर दोन-चार मुलांचे परीक्षेतले गुण गेले असते आणि विषय मिटला असता. पण खालच्या चौकटीत त्याच बाणावरून सल्लाही दिला आहे : वाळलेले काड बारीक करून मातीत मिसळा, लगेच पेरा, काडातली ऊर्जा पिकाला मिळते. हे करणाऱ्याचे पीक काही दिवसांतच पिवळे पडू लागेल आणि त्याला कारणही कळणार नाही, कारण ‘पेपरात आले होते’.

गव्हाच्या काडात ऊर्जा भरपूर असते. ते भडाभडा जळते, याहून वेगळा पुरावा नको. त्यात कर्ब आणि नत्र यांचे गुणोत्तर साधारण 80:1 असते. मातीतल्या सूक्ष्मजीवांच्या शरीरात मात्र ते 8:1 च्या आसपास. खाल्लेल्या कर्बापैकी ढोबळमानाने एक तृतीयांश त्यांच्या अंगी लागतो, उरलेला श्वसनात जळून कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे त्यांचे भागायला खाद्य निदान 24:1 चे हवे. आता 1 टन काडाचा हिशेब मांडा. कर्ब सुमारे 400 किलो, नत्र 5 किलो. या कर्बापैकी 133 किलो सूक्ष्मजीवांच्या शरीरात बसणार, त्याच्या जोडीला साडेसोळा-सतरा किलो नत्र लागणार. काडातून मिळाले 5. उरलेले जवळपास 12 किलो ते मातीतून उचलतात, आणि या ओढाताणीत कोवळी मुळे त्यांच्यापुढे टिकत नाहीत. रोपाला नत्र कमी पडले की ते जुन्या पानांतले काढून नव्या पानांना देते, म्हणून पिवळेपणा खालच्या पानांपासून सुरू होतो. हे नत्र बुडत नाही, उसने जाते. कर्ब जळत जाऊन गुणोत्तर 20:1 च्या खाली आले की ते सुटू लागते. पण तोवर रोपाचे वाढीचे दिवस निघून गेलेले असतात.

तुमच्या चित्रातला बाण खरा असता तर इतक्या ऊर्जेवर पीक तरारून उठायला हवे होते. ऊर्जा सूक्ष्मजीवांनी खाल्ली आणि पिकाच्या वाट्याचे नत्रही त्यांनीच अडवून ठेवले, असा हा प्रकार आहे. काड वापरायचेच असेल तर आधी कुजवा. नाहीतर न मिसळता वरच पसरा, म्हणजे मातीशी स्पर्श कमी राहतो आणि ओढ मंदावते. मिसळायचेच असेल तर पेरणीआधी पुरेसा काळ जाऊ द्या किंवा वरून नत्र द्या. शेंगवर्गीय पिकाला याची झळ कमी बसते, कारण त्याच्या गाठींत हवेतले नत्र पकडणारे जिवाणू असतात.

मुळांना मातीतून मिळते ते पाणी आणि विरघळलेले क्षार : नत्र, स्फुरद, पालाश वगैरे. त्यांतून झाडाला ऊर्जा मिळत नाही, उलट ते घ्यायला आणि वापरायला ऊर्जा खर्चावी लागते. नायट्रेट आत ओढायला खर्च आहेच, पुढे त्याच्या एका आयनाचा अमोनिया करायला आठ इलेक्ट्रॉन लागतात, आणि ते सूर्यप्रकाशाच्या किंवा त्यातून साठवलेल्या साखरेच्या जोरावर येतात. म्हणजे बाण काढायचाच होता तर तो उलट्या दिशेने जास्त शोभला असता! कीटक पकडणाऱ्या वनस्पतींचा दाखला कोणी देईल म्हणून आधीच सांगतो : त्या दलदलीत, नत्राच्या दुष्काळात वाढतात आणि कीटकाकडून मुख्यतः नत्र-स्फुरद घेतात. जेवण त्या उन्हातच शिजवतात. हरितद्रव्य नसलेल्या काही मोजक्या वनस्पती बुरशीकडून साखर घेतात हे खरे. पण बहुतेक वेळा त्या बुरशीने ती शेजारच्या हिरव्या झाडाकडून मिळवलेली असते.

मग सशाची, कोल्ह्याची, बुरशीची ऊर्जा जाते कुठे? उष्णतेत. ‘मग ती उष्णता गवताने घ्यावी’ असे म्हणणाऱ्यांसाठी : प्रकाशसंश्लेषणाला 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश लागतो. प्राण्याच्या अंगातून निघणारे प्रारण 10,000 नॅनोमीटरच्या आसपासचे असते. त्याचा एक फोटॉन लाल प्रकाशाच्या फोटॉनपेक्षा सुमारे पंधरापट दुबळा. हरितद्रव्याला त्याचा काही उपयोग नाही. ती उष्णता अखेर अवकाशात जाते.

आपल्या भाषेत यासाठी राहाटगाडगे आहे. गाडगी फिरून तिथेच येतात, तो कर्ब, ते नत्र, ते स्फुरद. ती फिरवायला बैल लागतो, आणि बैलाने लावलेला जोर गाडग्यांतून वर येऊन पुन्हा बैलाच्या खांद्यात शिरत नाही. तुमच्या चित्रात बैलच नाही. सूर्य कोपऱ्यात शोभेला आहे, त्याच्यापासून एकही बाण निघालेला नाही. ऊर्जा खरेच फिरत असती तर सूर्याने एकदाच उगवून रजा घेतली असती तरी चालले असते.

हे सगळे प्रत्यक्ष मोजून झालेले आहे, आणि तेही जुने. अमेरिकी परिसंस्था-अभ्यासक हॉवर्ड ओडम यांनी फ्लोरिडातील सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्याचा ऊर्जेचा जमाखर्च 1957 मध्ये प्रसिद्ध केला. आकडे किलोकॅलरीत, दर चौरस मीटरला, दर वर्षाला. (एकक लिहिले तर जागा फार जात नाही, हे जाता जाता. तुमच्या लेखात एकाही आकड्याला एकक नाही.) वनस्पतींनी बांधलेली एकूण ऊर्जा 20,810. त्यातली 11,977, म्हणजे निम्म्याहून जास्त, त्यांनी स्वतःच्याच श्वसनात खर्च केली. उरली 8,833. शाकाहारी जीवांकडे 3,368 गेली, त्यांना खाणाऱ्यांकडे 383, सर्वांत वरच्या भक्षकांकडे 21. विघटकांकडे, म्हणजे मेलेले कुजवणाऱ्या बुरशी-जिवाणूंकडे, आली 5,060, आणि त्यातली 4,600 त्यांनी श्वसनात जाळली. म्हणजे ज्यांच्याकडून तुम्ही ऊर्जा ‘परत’ पाठवली आहे, त्यांनी दहातले नऊ हिस्से उष्णता करून घालवले. राहिला तो त्यांच्या स्वतःच्या शरीरात. वनस्पतींकडे परत आली शून्य.

आणि हिशेब जुळतो! सगळ्यांचे श्वसन मिळून 18,796, प्रवाहाबरोबर वाहून गेलेली 2,500; बेरीज 21,296. जमेच्या बाजूला वनस्पतींच्या 20,810 आणि बाहेरून आलेल्या 486, बेरीज तीच. चक्राला यात जागाच उरत नाही.

चित्र दुरुस्त करायचे असेल तर बाणांच्या जाडीपासून सुरुवात करावी. वनस्पतींच्या 20,810 साठी 10 सेंटिमीटर रुंद पट्टा घेतला तर शाकाहारींचा 16 मिलिमीटर, विघटकांचा 24, मांसाहारींचा जेमतेम 2, आणि शिखरावरच्या भक्षकाचा एक दशांश मिलिमीटर होतो, जो तुमच्या छपाईत दिसणारही नाही. वनस्पतींनी शोषलेल्या 4,10,000 किलोकॅलरी प्रकाशाचा पट्टा याच मापाने जवळपास 2 मीटर रुंद होईल, म्हणून तो तोडून दाखवावा आणि तसे लिहावे. प्रत्येक चौकटीतून बाहेर जाणारा उष्णतेचा बाण वेगळ्या रंगात हवा. पदार्थाचे बाण तिसऱ्या रंगात. तेवढेच फिरून मागे येतील. तुमच्या कोल्ह्याकडे जाणारा बाण गवताच्या बाणाइतकाच जाड आहे, त्यामुळे कोल्हे आणि ससे सारख्याच संख्येने का नसतात हे त्या चित्रातून कुणालाही उमगणार नाही.

अन्नसाखळीत ‘दर पायरीला बरोबर 10 टक्के’ ऊर्जा पुढे जाते, हेही वाचले. ‘बरोबर’ हा शब्द तेवढा काढा. रेमंड लिंडमन यांच्या 1942 च्या ज्या निबंधापासून ही सगळी मोजणी सुरू झाली, त्यात सीडर बॉग या तळ्यासाठी 13.3 आणि 22.3 टक्के आले आहेत. वरच्या झऱ्यात 16, 11 आणि साडेपाच. पचवलेल्या अन्नापैकी शरीरवाढीला किती लागते हे पाहिले तर पक्ष्यांत जेमतेम 1 टक्का, माशांत 10 च्या आसपास, अनेक कीटकांत 40 च्या घरात. अंग गरम ठेवण्याची किंमत असते ती. दहा हा अंदाज घेण्यापुरता बरा आकडा आहे, त्याला कायदा करू नये.

पदार्थाचे चक्र तरी बंद असते का? लेखात ‘कणभरही वाया जात नाही’ असे आहे. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील हबर्ड ब्रूकच्या जंगलात एका पाणलोटातली सगळी झाडे 1965 च्या अखेरीस तोडून जागेवरच पडू दिली आणि पुढे तणनाशक मारून काही उगवू दिले नाही. विघटन चालूच राहिले, नायट्रेट तयार होत राहिले, ते घ्यायला मुळे नव्हती. ओढ्यातले नायट्रेट पहिल्या वर्षी 41 पट, दुसऱ्या वर्षी 56 पट झाले. पानांतून उडून जाणारे पाणीही वाचले, त्यामुळे पहिल्या वर्षी प्रवाह 39 टक्क्यांनी वाढला आणि धुपून जाणाऱ्या क्षारांना आयतेच वाहन मिळाले. चक्र आपोआप बंद राहत नाही, त्याला गळती न लागू देण्याचे काम जिवंत मुळे करत असतात.

दुरुस्तीची आपली चौकट सहसा चुकलेल्या नावांसाठी आणि पदांसाठी राखीव असते, याची कल्पना आहे. तरी या वेळी तिथे काडाचा सल्ला मागे घ्यावा, ही विनंती. तेवढे आधी, पेरणीची तयारी करणारे वाचक चित्राच्या दुरुस्तीसाठी थांबणार नाहीत. बाणाचे पुढच्या अंकात पाहिले तरी चालेल.

कळावे,
आपला,
एक वाचक

ता. क. : त्याच पानाच्या तळाशी ‘ॲमेझॉनचे जंगल पृथ्वीला 20 टक्के ऑक्सिजन पुरवते’ असेही आहे. वर सांगितलेला जमाखर्चच तिथेही लागू आहे. कर्बाचा एक अणू साखरेत बांधला की ऑक्सिजनचा एक रेणू सुटतो, आणि ती साखर झाडाने, किड्याने किंवा बुरशीने जाळली की तेवढाच परत खर्च होतो. जुने जंगल जवळपास जेवढे सोडते तेवढे वापरते, निव्वळ शिल्लक शून्याच्या आसपास. हवेतला 21 टक्के ऑक्सिजन कोट्यवधी वर्षांत, न कुजता गाळात गाडल्या गेलेल्या कर्बामुळे साठला आहे. जंगल तोडू नये याला इतर कारणे पुष्कळ आहेत. ॲमेझॉनबद्दल खरेच आश्चर्य छापायचे असेल तर हे छापा : सहाराच्या धुळीबरोबर दर वर्षी अंदाजे 22,000 टन स्फुरद अटलांटिक ओलांडून तिथे पडते. पाऊस आणि पूर तिथून साधारण तेवढेच धुऊन नेतात.