खाटेजवळ स्टूल ठेवू द्या

महोदय,

मी एस.टी.चा निवृत्त वाहक. मार्चमध्ये छातीत पाणी झालं म्हणून एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सतरा दिवस होतो. निदान क्षयाचं. वजन ५२ किलो, म्हणून रोज उपाशीपोटी ४ गोळ्या.

गोळ्या सुरू झाल्या आणि लघवी केशरी, अगदी झेंडूसारखी. मला वाटलं, रक्तच जातंय. पुढचे दोन दिवस गोळ्या उशीच्या खोळीत गेल्या. राऊंडला विचारलं, "गोळ्या घेता ना?" म्हटलं, "हो." राऊंड पुढे सरकला. सोबतच्या शिकाऊ डॉक्टर पोरांपैकी सहा-सात जणांनी पाठीवर बोटं वाजवून बघितली. नाव कुणी विचारलं नाही. मी सात नंबरच्या खाटेवरचं 'इफ्युजन', म्हणजे छातीतलं पाणी.

दुपारी त्यांतलीच एक मुलगी 'हिस्टरी' घ्यायला आली. बसायला काही नाही, तर बादली उपडी घालून बसली. स्टेथोस्कोपची चकती तळहातावर घासून गरम केली, मग "लावू का काका?" नोकरीचं विचारलं, तर मी स्वारगेट-महाबळेश्वर गाडीच काढली. त्यातलं तिनं काही लिहून घेतलं नाही, पण ऐकलं सगळं. बोलता बोलता लघवीचं निघालं, उशीतल्या गोळ्यांचंही. ती रागावली नाही. म्हणाली, "रिफाम्पिसिननं असा रंग येतो असं वाचलंय. पण सरांना विचारून येते."

"उतरताना सुट्टे देतो" असं आयुष्यभर मीच सांगत आलो, त्यामुळे 'विचारून येते'वर माझा विश्वास नव्हता. ती वीस मिनिटांत डॉक्टरांना घेऊन आली. रंग गोळीचाच होता. त्यांच्यासमोरच गोळ्या घेतल्या.

सोमवारी मात्र ती आलीच नाही. पोस्टिंग बदललं म्हणे. डबल घंटी न देताच गाडी हलली. तिला तरी काय बोलणार? पेशंटला सांगून जायचं असतं, हे तिलाही कुणी सांगितलं नसेल. रुग्णाशी कसं बोलावं हे २०१९पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात आहे, असं तिच्याकडूनच कळलं होतं. अभ्यासक्रम आहे, बसायला स्टूल नाही.

सहा महिन्यांचा कोर्स संपला. आम्ही काही निवृत्त वाहक-चालकांनी वर्गणी काढून त्या वॉर्डाला १२ स्टुलं द्यायचं ठरवलं आणि रीतसर अर्ज दिला. दोन महिने झाले. तो कुणाच्या सहीसाठी अडलाय, एवढं तरी कळवावं.

– एक निवृत्त वाहक, जि. सातारा